फौजी आजोबांना चढवलेला कोट

रेणुकानं रामकिशन आजोबांचा फोटो बुद्धाच्या तसबिरीशेजारून उतरवला, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. एकाहत्तरच्या लढाईला गेलेल्यांच्या नावांचा दगड मुरुडजवळच्या त्यांच्या गावात परवा बसणार होता. कोरायच्या यादीत पाच नावं, आणि त्यात आजोबा नाहीत! समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले होते, "वर्दीतला फोटो दाखव, लगेच कोरतो."

वर्दीतला फोटो होता की! टोपी तिरकी, मिशीला पीळ; लहानपणी तिनं शंभरदा पाहिलेला. पण आजोबा वारले आणि तिच्या बापानं, ग्यानोबानं, तोच फोटो मोठा करायला लातूरच्या एका स्टुडिओत दिला. त्या शहाण्यानं कॉम्प्युटरवर वर्दी पुसून निळा कोट आणि लाल टाय चढवला. मूळ फोटो हरवला ते वेगळंच. राहिलेले फौजेचे कागद वाळवीनं खाल्ले.

"दादा, तुम्ही त्याला कायबी बोलला न्हाईत?"

"मीच सांगितलं त्याला कोट घाल म्हणून," ग्यानोबा खाली बघत म्हणाला. "बापाला जन्मात कोट भेटला न्हाई. म्हणलं, भिंतीवर तरी सायबावानी दिसंल."

रेणुकाला रडू आलं आणि रागही आला. पण ह्या माणसावर काय रागवायचं? फोटो काखेत मारून ती तरातरा आप्पासाहेबांच्या घरी गेली.

बैठकीत समोरच त्यांच्या वडलांचा, शंकरप्पांचा, हार घातलेला फोटो होता. यादीतलं पहिलं नाव त्यांचंच. रेणुका बघतच राहिली. तोच निळा कोट, तोच लाल टाय, खिशात तोच पांढरा रुमाल! तिनं आजोबांचा फोटो त्याच्या शेजारी धरला.

"काका, तुमच्या वडलांची वर्दी कुठंय हो?"

"अगं, त्यांचं साऱ्या गावाला ठाऊक हाय."

"आन् आमच्या आजोबाचं न्हाई? दोघं एकाच गाडीत बसून भरतीला गेले, हे दर पंधरा ऑगस्टला माईकवर तुम्हीच सांगता. तुमच्या माणसाला गावाची साक्ष चालती, आमच्या माणसाला फोटो लागतो. असं का, ते बोला की जरा तोंडानं!"

आप्पासाहेबांनी यादीचा कागद ओढला आणि तळाशी सहावं नाव लिहिलं.

"तिथं न्हाई," रेणुका म्हणाली. "शंकरप्पांच्या खाली लिहा. जोडीनं गेले होते ते."