पिरॅमिड बघितले तो दिवस

माझ्या बायकोला तिच्या वडिलांचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. आम्ही परदेशात होतो म्हणून, असं गावात सगळे धरून चालतात. ते खरं नाही. ते माझ्यामुळं झालं.

मी कळमनुरी तालुक्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवतो. पंचवीस वर्षं फळ्यावर त्रिकोण काढून मुलांना पिरॅमिड समजावले. मुलगी पुण्यात नोकरीला लागली आणि मेच्या सुट्टीत तिनं आम्हा दोघांना इजिप्तच्या सहलीला न्यायचं ठरवलं. निघण्याआधी आम्ही सिद्धेश्वर धरणाजवळच्या गावी सासऱ्यांच्या पाया पडायला गेलो. ते ओसरीवर हळदीचं बेणं निवडत बसले होते.

"मेलेल्या राजांची घरं बघायला चालले म्हणं," ते लेकीला म्हणाले. "त्या वाळवंटात मरणाचं ऊन. हितलं कमी पडून राहिलं काय गं?"

"आबा, तुमाला काय आणू तिकडून?"

"तू ये सुखरूप. बास."

सहलीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सातला हॉटेलात माझा फोन वाजला. मेव्हणा होता. तिकडं साडेनऊ वाजले असतील.

"दाजी, आबा गेले. पहाटं, झोपेतच." मग म्हणाला, "आक्काला द्या."

बायको न्हाणीत होती. मी तसं सांगितलं.

"आक्का येणार असंल तर ठेवतो आमी. हिंगोलीहून बर्फाची पेटी आणतो. परवापर्यंत पोचताल की."

आमच्या भागात लांबची लेक येईपर्यंत बाप उचलत नाहीत. मी हे जाणत होतो. तरी म्हणालो, "नका थांबू. तिकिटं मिळायची नाहीत." तिकिटांची मी चौकशीही केली नव्हती.

"मग व्हिडिओवर तरी दाखवू का तिला?"

"परक्या मुलखात तिला सोसायचं नाही. मी संध्याकाळी सांगतो. तुम्ही उरकून घ्या."

तिच्या काळजीनं बोललो, अशी मी बरेच दिवस स्वतःची समजूत घातली. पण त्या दिवशी पिरॅमिड बघायला जायचं होतं आणि मला ते बघायचे होते. एवढंच कारण होतं. बायको बाहेर आली, टिकली लावली आणि म्हणाली, "असं काहून बघताव? चला, बस जाईल."

पिरॅमिडच्या अगदी जवळ गेलं की टोक दिसत नाही. माझ्या छातीला लागतील एवढे दगड, एकावर एक. त्यांना हात लावून मी मनात अडीच तास मिळवत होतो. आता आंघोळ घातली असेल. आता उचललं असेल.

गाईड हिंदीत सांगत होता की राजाच्या देहावर सत्तर दिवस संस्कार चालत. बायको माझ्या कानाशी हसली, "सत्तर दिवस! ह्याच्या लेकी लय लांब दिल्या असतील."

मुलीनं आम्हाला फोटोसाठी उभं केलं. "बाबा, हसा ना." बायकोनं कोपर मारलं, "गुरुजी, समोर पोरं न्हाईत. हसा की जरा." त्या फोटोत ती तोंडभरून हसते आहे. तिकडं तेव्हा चिता पेटलेली होती. परत फिरताना तिनं एका फेरीवाल्याशी खुणांनी घासाघीस करून डोक्याला बांधायचा पांढरा रुमाल घेतला. "आबाला शोभंल न्हाई का?" मी म्हणालो, "शोभेल."

संध्याकाळी सांगितलं. ती पलंगाला धरून खाली बसली. "कवा?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "आत्ताच फोन आला." मुलीनं रडत रडत मोबाईलवर परतीची तिकिटं बघितली. तासाभरात मिळाली.

आम्ही पोचलो तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती.

तेराव्याला मेव्हणा बहिणीला सहज म्हणाला, "आमी ठेवणार व्हतो गं आक्का. सकाळीच दाजीला इचारलं." मी दारात पाण्याची कळशी घेऊन उभा होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पाहुण्यांची पानं वाढायला निघून गेली.

दोन दिवसांनी हिंगोलीच्या एसटीत ती बोलली. खिडकीतून बाहेर बघत, हळू आवाजात.

"न्हाई पोचले असते, तरी चाललं असतं. पण मला सांगायचं व्हतं. तिथं वाळूत बसून रडले असते मी. तेवढं तर माझं व्हतं ना? तुमी मला हसू दिलं."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिनं मुलीला फोन केला आणि त्या दिवसाचे सगळे फोटो पाठवायला सांगितले. रोज दुपारी ती ते एकेक करून बघते आणि मला विचारते, "हा किती वाजताचा?" मी वेळ सांगतो. मग तिकडं तेव्हा काय चाललं असेल, हेही ती माझ्याकडूनच वदवून घेते.