चेरोकीची गोष्ट, फोन पिशवीत ठेवून ऐकलेली

आई सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आली की दाखवायच्या गोष्टी ठरलेल्या असतात. नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, एडिसनच्या भारतीय बाजारात नेऊन साड्यांच्या दुकानातही बसवून झालं. उरला होता ऑक्टोबरमधला लाँग वीकेंड आणि महिनाअखेरीचं तिचं नागपूरचं तिकीट. नवऱ्याच्या ऑफिसात त्याच वेळी सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, त्यामुळे तो बाद. "चेरोकीला जाऊ या," ही सूचना आमच्या कन्येची. यशोधरा चौथीत आहे, तिच्या वर्गात चेरोकी या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांवर प्रोजेक्ट झाला होता आणि तिथे खरोखरचे गोष्टी सांगणारे लोक असतात हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मला 'गोष्टी' या शब्दानंच पकडलं. माझ्या आजी-आजोबांनी छप्पन्न साली चालत नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. ती हकीकत आता फक्त आईला नीट माहीत आहे, आणि ती यशोपर्यंत पोचावी म्हणून मी उन्हाळाभर आईला फोनवर रेकॉर्ड करत होते. पण फोन समोर धरला की आई पदर सावरते आणि सभेत उभी राहिल्यासारखी बोलते: "सर्वांना सविनय जय भीम. मी आपणास सांगू इच्छिते की..." दोन मिनिटांत यशो पसार. फाइली साठत होत्या, गोष्ट काही पोचत नव्हती. आई परत गेल्यावर हे राहूनच जाईल अशी मला धास्ती होती.

आम्ही राहतो त्या हर्नडनहून सकाळी लवकर निघालात तर संध्याकाळपर्यंत आरामात पोचता. आय-६६ वरून आय-८१ पकडायचा आणि शेननडोआ खोऱ्यातून दक्षिणेला जात राहायचं. ट्रक फार आहेत, घाई करू नका. पुढे ॲशव्हिलमार्गे डोंगरात शिरायचं. आम्ही वाटेत सारखे थांबत गेलो, कारण आईला प्रत्येक रेस्ट एरिया बघण्यासारखा वाटतो. पानं लाल-पिवळी होण्याचा हंगाम असल्यामुळे हॉटेलं चांगलीच महाग होती. बुकिंग उन्हाळ्यातच करून ठेवा, मी केलं नव्हतं आणि भोगलं.

चेरोकी गावात रस्त्यांच्या पाट्यांवर इंग्रजीच्या जोडीला चेरोकी लिपी दिसते. इंग्रजी लिहिता-वाचता न येणाऱ्या एका चेरोकी माणसानं साधारण दोनशे वर्षांपूर्वी ती बसवली. मी गाडी हळू चालवत आईला सांगत होते की यांच्यातल्या बहुतेकांना सैन्यानं घराबाहेर काढून पश्चिमेला ओक्लाहोमाकडे हाकललं, वाटेत कितीतरी माणसं मेली, आणि जे या डोंगरांत टिकून राहिले त्यांचे हे वंशज.

"पायीच नेलं?" आईनं विचारलं.

"बहुतेकांना पायीच."



दुसऱ्या दिवशी सकाळी नॅशनल पार्कच्या तोंडाशी असलेल्या कुरणात एल्क पाहिले, आपल्या सांबरांचे थोरले भाऊ. पार्कला प्रवेश फी नाही, पण गाडी थांबवायची तर पार्किंगचा टॅग घ्यावा लागतो. जेवायला बीन ब्रेड: मक्याच्या पिठात घेवड्यासारखे दाणे मिसळून पानात गुंडाळून उकडलेली वडी. मला आवडली. आईनं एक घास खाल्ला आणि पर्समधून लसणाची चटणी काढली. "चव चांगली आहे, पण निजलेली आहे," असा निकाल देऊन तिनं दोन संपवल्या.

दुपारी नदीकाठच्या एका मांडवात गोष्टींचा कार्यक्रम होता. सांगणाऱ्या बाई साठीच्या, नाव लिंडा, पायात स्नीकर्स आणि अंगात शाळेच्या नावाचा स्वेटशर्ट. मी पिसांच्या मुकुटाची अपेक्षा ठेवून गेले होते, तेव्हा माझं मलाच हसू आलं. बसल्या बसल्या सवयीनं माझा फोन वर गेला.

"फोन पिशवीत," लिंडा म्हणाल्या. आवाज गोड, पण ऐकायला लावणारा. "माझ्या गोष्टी रेकॉर्ड करायच्या नाहीत."

यशोचा हात वर. "बट व्हॉट इफ वुई फर्गेट?"

"मग मला विचारायला परत यायचं. मी माझ्या काकाकडे अशीच जायची. खूप विसरायची, म्हणून खूप वेळा जायची."

मग त्यांनी आधी ही गोष्ट आपल्याला कोणी सांगितली ते सांगितलं: काकानं, आणि काकाला त्याच्या आईनं. गोष्ट होती विस्तवाची. जग थंडगार होतं आणि विस्तव होता दूर बेटावरच्या एका पोकळ झाडात. घुबड, साप असे मोठमोठे प्राणी एकेक करून आणायला गेले आणि पोळून आले. कावळ्याच्या जातीचा मोठा रेव्हन काळा झाला तो तेव्हापासून. शेवटी पाण्यावर चालणारी एक चिमुकली, आठ पायांची कोळीण गेली. तिनं आपल्या धाग्याचा वाडगा विणला, पाठीवर बांधला आणि त्यात एक निखारा घेऊन आली. लिंडा मध्येच चेरोकी शब्द म्हणत आणि मुलांकडून म्हणवून घेत. मी आईच्या कानात मराठी करत होते, पण कोळीण निघाली तेव्हा आईनं मला हातानं गप्प केलं. तिला समजत होतं.

संपल्यावर राहवेना म्हणून मी विचारलंच: भाषा बोलणारी माणसं कमी होत चालली आहेत, मग रेकॉर्डिंग नको का?

"हवंच की," लिंडा म्हणाल्या. "माझ्या आजीला शाळेत चेरोकी बोलल्याबद्दल मारायचे, म्हणून तिनं माझ्या आईला भाषा दिलीच नाही. मी मोठेपणी वर्गात शिकले, जुन्या टेप ऐकून. काकाचाही आवाज आहे माझ्याकडे. पण त्याला आता काही विचारता येत नाही."

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर आजी-नात. यशो पप्पांना सांगायची म्हणून विस्तवाच्या गोष्टीची तालीम करत होती आणि घुबड कधी गेलं तिथे अडत होती.

"अवं, साप मागून जाते. आधी घुबड," आई म्हणाली.

"आजी, तुला इंग्लिश कळलं?"

"गोष्ट कळली नं."

मग यशोनं सहज विचारलं, "तुला कोणी सांगायचं स्टोरीज?"

"माझी माय सांगे," आई म्हणाली, आणि मागचा पुढचा विचार न करता सुरू झाली. दीक्षेला लागणाऱ्या पांढऱ्या लुगड्यासाठी मायनं कोंबड्या विकल्या. दोन वर्षांची आई बापाच्या खांद्यावर. वाटेत एका गावात पाणी द्यायला कोणी तयार नव्हतं. "मले काय आठवते! मायनं सांगितलं तेच सांगून राहिली मी." ना सविनय, ना आपणास. यशो मध्ये मध्ये विचारत होती: कोंबड्या किती? पाणी का नाही दिलं? या दुसऱ्या प्रश्नाला आईनं पुढचं एक्झिट येईपर्यंत उत्तर दिलं, आणि माझी लेक ऐकत राहिली. माझा फोन रस्ता दाखवण्यात गुंतला होता. नसता, तरी मी तो उचलला नसता. मी गाडी चालवत होते आणि मला रडू येत होतं.

आई नागपूरला परत गेली. तुम्ही जाणार असाल तर निदान तीन दिवस काढा आणि घरातलं वडीलधारं माणूस सोबत न्या, इतकंच सुचवेन. जुनी रेकॉर्डिंग मी पुसली नाहीत, असू देत. पण रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर यशो आजीला तिचीच गोष्ट मोडक्या मराठीत सांगते आणि आजी चुका काढते. परवा मी पोह्यांचे कांदे परतत होते तेव्हा यशोनं विचारलं, "आजी, तुझी आई चालताना घाबरली होती का?"

मग आई म्हणाली, "हे मी तिले कधी विचारलंच नाही, बाळा."

"सो नाउ नोबडी नोज?"

"आता कोणालेच माहीत नाही."

यशोनं फोन टेबलावर टेकवून ठेवला आणि माझ्याकडे वळली. "मम्मा, तू पहिल्यांदा अमेरिकेत आलीस तेव्हा घाबरली होतीस?"

मी गॅस बंद केला आणि तिच्यासमोर बसले.