जपून ठेवलेलं घड्याळ

घड्याळजीने मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाला, "आजी, मोडलेलं काहीच नाही. तेल वाळून चिकट झालंय. नुसतं पडून होतं ना?"

पडून कसलं, जपून ठेवलं होतं! आमचे हे असताना त्या घड्याळाला कुणी हात लावायचा नाही, चावी तेच देणार. "तू पिळशील आणि तोडशील," म्हणायचे. ते गेल्यावरही मी मुकाट्याने तेच पाळलं. मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. लग्नातला शालूही असाच जपला होता, तो घडीवरच विरला. तेव्हाही अक्कल आली नाही. रोज घासलेली भांडी मात्र अजून धड आहेत.

घड्याळजीने सगळं सुटं करून धुतलं, नवं तेल घातलं. टिकटिक ऐकून बरं वाटायच्या ऐवजी मला चीडच आली. इतकी वर्षं एवढंच तर करायचं होतं, रोज चावी द्यायची.

घरी सून म्हणाली, "आई, आता नीट जपून ठेवा हं."

"ठेवते," म्हटलं आणि मनगटावर बांधलं. पट्टा सैल आहे, घड्याळ बांगड्यांवर आपटतं. आपटू दे.