मधले आठ शब्द

"साहेब, माजा तिसरा हिस्सा हाय. तेवढाच काडून द्या. बाकीच्यांचं मना काय करायचं?"

हरेश हे चौथ्यांदा सांगत होता. माझ्या टेबलावर त्याने कागदाचा एक उभा कापलेला तुकडा ठेवला होता. निळ्या पेनाने लिहिलेले आठ इंग्रजी शब्द, प्रत्येकापुढे आकडा. एक ते आठ. मीही चौथ्यांदा सांगितलं, "हरेशशेठ, एवढ्यावर काहीच निघत नाही."

"कसं नाय निगनार? चोवीसमधले आठ म्हंजे तिसरा हिस्सा झाला ना?"

गणित बरोबर होतं. बाकी सगळं चूक होतं.

रबाळे एमआयडीसीत माझं डेटा रिकव्हरीचं ऑफिस आहे. जळलेली हार्ड डिस्क, पाण्यात पडलेला फोन, पासवर्ड विसरलेला लॅपटॉप, त्यातून जे वाचेल ते वाचवायचं हे माझं काम. अलीकडे त्यात बिटकॉइनवाल्यांची भर पडली आहे. त्यांच्याकडे बिटकॉइन असतं, पण ते उघडता येत नाही. ही मंडळी आली की माझा अर्धा दिवस समजावण्यातच जातो.

तुम्हालाही थोडक्यात सांगतो. बिटकॉइन कुठल्या यंत्रात किंवा फोनमध्ये नसतं. जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर एकच वही ठेवलेली असते, तिच्यात तुमच्या नोंदी असतात. त्या नोंदी हलवायला किल्ली लागते. चोवीस शब्द, त्याच क्रमाने, ही ती किल्ली. पेनड्राइव्हएवढं एक यंत्र मिळतं, त्याला हार्डवेअर वॉलेट म्हणतात. ते फक्त किल्ली सांभाळतं. यंत्र गेलं तरी बिघडत नाही, नव्या यंत्रात चोवीस शब्द घातले की झालं. तेवीस शब्द असतील तर चोविसावा मी शोधून देऊ शकतो. सोळाच असतील तर जगातली सगळी यंत्रं कामाला लावली तरी उरलेले आठ सापडणार नाहीत.

हरेशचे वडील उलव्याच्या बाजूचे, मूळचे शेतकरी. जमीन प्रकल्पात गेली, मोबदला आला, प्लॉट मिळाला, त्यावर इमारत उभी राहिली. त्या इमारतीतल्या एका सॉफ्टवेअरवाल्या भाडेकरूने म्हाताऱ्याला बिटकॉइनचं वेड लावलं आणि यंत्रही लावून दिलं. म्हातारा घरात सांगायचा, "जमीन सरकार घेतं. नोटा सरकार बंद करतं. ह्यो कोन घेनार?" हे वाक्य मला हरेशने मोठ्या अभिमानाने ऐकवलं. पुढचं त्याने जरा दबकत सांगितलं. म्हाताऱ्याने जायच्या आधी तिन्ही मुलांना बोलावलं, शब्दांचा कागद कात्रीने उभा कापला आणि प्रत्येकाच्या हातात आठ-आठ शब्द दिले. जमिनीचे गुंठे पाडावेत तसे.

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, किल्लीचे तीन तुकडे करून तीन दारं उघडतात का?

"यंत्र कुठाय?" मी विचारलं.

हरेशने खिशातून काढून दिलं. मी ते कॉम्प्युटरला लावलं. यंत्र कोरं होतं.

"पिन टाकला होतात?"

"टाकला ना. आदी गाडीचा नंबर टाकला. मग जुन्या शेताचा सर्वे नंबर. मग लग्नाची तारीख."

"तिसऱ्यांदा चुकलं की हे यंत्र स्वतःला पुसून टाकतं. स्क्रीनवर तशी सूचना येते."

"इंग्रजीत व्हती," हरेश म्हणाला.

दोन दिवसांनी धाकटा भाऊ आला, नीलेश. हरेश येऊन गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. हातात सतरा ते चोवीस शब्दांचा तुकडा, आणि मागणी तीच : माझा तेवढा काढा. वर मला भाषण. हा मुलगा दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ बघतो. "साहेब, डॉलरचे दिवस भरले. उद्या देशच्या देश सोन्याच्या जोडीला बिटकॉइन ठेवनार. नुसती अमेरिका नाय, सगले. आता नाय काडला तर मागं राहू."

"काढायचं म्हणताय की ठेवायचं म्हणताय?"

"माजं काडून माज्या नावावर ठेवायचं."

"नीलेशभाऊ, देश काय ठेवतील ते देश बघतील. तुमचं बिटकॉइन आत्ता तीन घरांत फाटून पडलंय. तिघांनी एकत्र या. कधी येताय?"

"तिगं कशाला? आमी दोगंच. ताईनं हक्कसोड दिलाय."

बहिणींनी बापाच्या मालमत्तेवरचा हक्क भावांसाठी सोडायचा, तशी सब-रजिस्ट्रारकडे सही करायची, आपल्याकडे हे इतकं सवयीचं झालंय की नीलेशने ते सहज सांगून टाकलं. वकिलाने कागदात स्थावर-जंगम सगळंच घातलं होतं. भारतीताईंनी वर्षश्राद्धाच्या आधीच सही केली. भावांनी साडी नेसवली, जेवण घातलं, गाडीने घरी सोडलं.

"मग त्यांची चिठ्ठी कुठाय?"

"तिच्याकडंच. पन आता तिचा काय हक्क नाय."

मी खुर्चीत मागे रेललो. या लोकांना बिटकॉइन आवडतं ते मध्ये कोणी नसतो म्हणून. बँक मॅनेजर नाही, तलाठी नाही, साहेब नाही. आणि अडलं की तेच लोक माझ्याकडे येऊन साहेब शोधतात. बँकेत वारस दाखला चालतो, कोर्टाचा कागद चालतो. इथे खिडकीच नाही, कागद कुठे सरकवणार?

"हक्कसोड यंत्राला वाचता येत नाही," मी म्हणालो. "त्याला नऊ ते सोळा शब्द हवेत. ते तुमच्या बहिणीकडे आहेत. त्यांनी चिठ्ठी फेकून दिली असेल तर तुमच्या वडिलांचं सगळं बिटकॉइन कायमचं गेलं. तुमचं, हरेशचं, सगळ्यांचं. आधी बहिणीला फोन करा."

नीलेशचा चेहरा उतरला. त्याने माझ्यासमोरच फोन लावला. चिठ्ठी होती.

पुढचे आठ दिवस मला दोघांचे फोन येत राहिले. हरेश विचारायचा, ताईचे शब्द हॅक करता येतील का. नीलेश विचारायचा, ताईला दहा टक्के दिले तर चालेल का. मी म्हणायचो, मला काय विचारता? माझा जीव मेटाकुटीला आला होता. शेवटी सांगितलं की तिघं एकत्र आल्याशिवाय मी फोन उचलणार नाही.

शनिवारी सकाळी तिघं आली. प्रत्येकासाठी एक नवं यंत्र मी टेबलावर आणून ठेवलं होतं. भारतीताई पन्नाशीच्या. नवऱ्याची तळोज्यातली कंपनी बंद पडलेली, त्या एका शाळेत शिपाई. राहतात उलव्यातच, भाड्याने. ज्या टॉवरमध्ये राहतात तो त्यांच्या वडिलांच्या शेतावर उभा आहे, हे त्यांनी मला पाणी पिता पिता सांगितलं, बसचा नंबर सांगावा तसं. मला मात्र संताप आला.

हरेशने सुरुवात केली. "ताई, तू साहेबांना चिट्टी दे. मग घरी बसून आपन काय ते बगू."

"नको. इथंच बगू."

"तू सही दिलीस ना?"

"सही मागितली, दिली. ह्ये बाबांनी माज्या हातात दिलंय. तिसरा हिस्सा माज्या यंत्रात आदी जाईल, मग तुमचे."

"म्हंजे भावांवर इस्वास नाय तुजा?" नीलेश म्हणाला.

भारतीताई पर्स मांडीवर घट्ट धरून बसून राहिल्या. भावांशी इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच असं बोलत असाव्यात. हरेशने माझ्याकडे पाहिलं, मी यंत्राकडे पाहिलं. शेवटी त्याने आपली चिठ्ठी टेबलावर ठेवली. मग हरेश म्हणाला, "बरं. कर."

मी जुनं, कोरं झालेलं यंत्र कॉम्प्युटरला लावलं. एक ते आठ हरेशने घातले. नऊ ते सोळा ताईंनी, एक-एक अक्षर लावून. नीलेशने उरलेले. यंत्राने वॉलेट उघडलं. रक्कम किती ते मी इथे सांगत नाही, पण नीलेश खुर्चीतून उठून उभा राहिला. ताईंचा तिसरा हिस्सा मी त्यांच्या यंत्रावर पाठवला. तो पक्का व्हायला तासभर लागतो, त्या वहीत नोंद घट्ट बसायला तेवढा वेळ जातो. करासाठी सीए गाठा, हेही तिघांना बजावलं.

तो तास मी सत्कारणी लावला. इतक्या दिवसांची भडास बाहेर काढली. म्हणालो, "तुमच्या वडिलांनी केलं तसं पुन्हा कोणी करू नका. एक चिठ्ठी उंदराने खाल्ली असती तर तुम्ही तिघंही बुडाला असता. याला शहाणी पद्धत आहे. तीन किल्ल्या करायच्या आणि कोणत्याही दोन लावल्या की उघडेल असं ठेवायचं. एक हरवली तरी चिंता नाही. जगभर हेच करतात."

भारतीताई लक्ष देऊन ऐकत होत्या. "कोनतीपन दोन?"

"कोणत्याही दोन."

"म्हंजे ह्ये दोगं मिलून उगडू शकले असते? मी नसले तरी?"

"हो," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझा आवाज खाली आला.

"मग बाबांनी केलं तेच बरं," त्या म्हणाल्या. "त्यांनी मना इचारलं व्हतं. भाऊ बोलले तर सही करशील? मी बोलले, करीन. भावांशी भांडून माहेर कसं राहील? तवा काय बोलले नाय. दुसऱ्या दिवशी आमाला बोलवून कागद कापला."

हरेश खिडकीबाहेर बघत राहिला. नीलेशने मोबाइल काढला आणि तसाच खिशात ठेवला. स्क्रीनवर ताईंची नोंद पक्की झाली, मग मी दोघांचे हिस्से पाठवले.

बिटकॉइन डॉलरला हटवणार का, देश ते तिजोरीत ठेवणार का, हे मला रोज कोणी ना कोणी विचारतं. मला माहीत नाही. माझ्या धंद्यापुरतं मी एवढंच बदललंय : दोन किल्ल्यांची शहाणी पद्धत मी अजूनही सुचवतो, पण आधी विचारतो, घरात भाऊ किती आणि बहिणी किती.