भालचंद्र सरांचा उजवा हात

बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड गावापुढे चार किलोमीटरवर जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. भालचंद्र सर तिथे बावीस वर्षं शिकवत होते, आणि त्यातली निदान अकरा वर्षं तरी एकट्या उजव्या हातानंच शिकवली असतील.

या हाताच्या फटक्यांना पोरांनी नावं पाडली होती. गालावरची ती ‘फटाकडी’. पाठीत बसायचा तो ‘गठाण’, कारण कापसाचं गाठोडं वरून टाकल्यासारखा आवाज यायचा. आणि कानशिलावरची ‘एसटी’: उशिरा यायची, पण आली की सगळं हालवून जायची. हात दमला की बेशरमाची काडी. बेशरमाचं झुडूप नाल्याकाठी आपोआप वाढतं. काडी तोडून आणायला सर ज्याला मारायचं त्यालाच पाठवत. पोरगं हुशारी करून बारीक काडी घेऊन आलं, तर तिचे दोन खायचे आणि जाड काडी आणायला परत जायचं.

सर वाईट आहेत असं गावात कोणी म्हणत नव्हतं. बुलढाण्यातल्या कारकुनाचा मुलगा, वेळेवर येणारा, दारूला न शिवणारा. वडिलांनी लहानपणी पट्टीच्या कडेनं हाणून त्यांच्या करंगळीचं पेर कायमचं वाकडं केलं होतं. “मार खाल्ला म्हणून माणूस झालो,” असं ते अभिमानानं सांगत. कसला माणूस झाला, हे त्यांच्या बायकोनं, शरयूबाईंनी, कधी विचारलं नाही.

शाळेत सहा टॅब आले होते. फुटला तर जबाबदार कोण, या एका प्रश्नावर ते दोन वर्षं कपाटात सुखानं झोपले. मग दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या सुवर्णा मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी स्कुटीवर येऊ लागल्या. त्यांनी मुख्याध्यापकांच्या मागे लागून कपाट उघडायला लावलं. मुख्याध्यापकांनी अट घातली, “एक टॅब फुटला, किंवा एक तक्रार आली, की सहाही आत. मग मले मागू नका.”

मॅडमनी प्रकल्प दिला, ‘आमचं गाव’. ज्याला जसं जमेल तसं करायचं. सातवीतल्या प्रज्वलला अक्षरं डोळ्यापुढे उड्या मारताना दिसायची, म्हणून सगळ्यात जास्त काड्या त्यानंच तोडल्या होत्या. त्यानं धाडच्या बाजारातल्या आरोळ्या टॅबमध्ये भरून आणल्या. पाचवीतली मयुरी ऐकायची सगळं, पण तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. सांगितलेलं कोणाला कळलं नाही की ती स्वतःचंच मनगट चावायची. मनगटावर दातांची माळ झाली होती. तिच्या टॅबवर मॅडमनी चित्रांचे चौकोन केले. चौकोनावर बोट ठेवलं की शब्द ऐकू येतो. पण शब्द भरायला आवाज कोणाचा? मुली लाजून खिदळायला लागल्या. शेवटी प्रज्वल दोन दिवस जिन्याखाली बसला आणि शंभरावर शब्द बोलून मोकळा झाला.

तेव्हापासून मयुरी प्रज्वलच्या फुटत्या आवाजात बोलू लागली. “मले पाणी पाह्यजे.” पहिल्या दिवशी ती अकरा वेळा पाणी प्यायली. महिनाभरात मनगटावरच्या खुणा फिक्या पडल्या.

“पोरांना खेळणी दिली तुम्ही, मॅडम,” सर म्हणाले. “पाटीवर रडले, ते काचेवर काय दिवे लावणार?”

“तुम्ही एकदा तिच्याशी बोलून तर पाहा, सर.”

सरांनी काही पाहिलं नाही. इथेच सगळं चुकलं.

तो गुरुवार होता, मॅडमचा वार नव्हता. एक शिक्षक रजेवर, म्हणून पाचवी आणि सातवी एकाच खोलीत कोंबलेली. सर फळ्यावर अपूर्णांक मांडत होते. पाठीमागून आवाज आला, “सर मारते.”

प्रज्वलचा आवाज. सर वळले. प्रज्वल वहीत मान घालून बसलेला. सर पुन्हा फळ्याकडे फिरले.

“सर मारते. लई मारते.”

खडू खाली पडला.

“मी नाई बोललो, सर! आईची शप्पथ!”

“मग तुझा बाप बोलला का बे?”

एसटी आली. प्रज्वलचं डोकं खिडकीच्या गजावर आपटलं आणि कानामागून रक्ताचा ओघळ कॉलरमध्ये उतरला. पोरगं खाली बसलं, तर पाठीत गठाण. वर पाहिलं, तर तोंडावर फटाकडी, पण मूठ वळलेली. ओठ उभा फाटला. सरांना थांबता येईना. बावीस वर्षांत वर्गातून एकही पोरगं उलटून बोललं नव्हतं, आणि आज बोललं ते खरं बोललं.

“सर मारते. दुखते.”

सरांचा हात हवेतच राहिला. प्रज्वल समोर फरशीवर होता. त्याचं तोंड त्याच्याच दोन्ही हातांखाली दाबलेलं आणि बोटांमधून रक्त गळत होतं. आवाज मात्र त्याचाच, आणि कोपऱ्यातून आलेला.

तिथे मयुरी उभी होती, टॅब छातीशी धरून, एकामागून एक चौकोन दाबत. ‘सर’ या चौकोनात फोटो होता: बेशरमाची काडी धरलेला सरांचा उजवा हात. वाकडी करंगळी स्पष्ट दिसत होती. ‘आमचं गाव’साठी तिनं स्वतः काढला होता.

अर्ध्या तासात प्रज्वलचा बाप गुलाबराव मोटारसायकलवर आला. हातात कुऱ्हाडीचा दांडा. शेजाऱ्यांनी पोराला धाडच्या दवाखान्यात नेलं होतं. रस्त्यात त्याचं तोंड पाहूनच गुलाबराव इकडे आला होता.

“कुठी हाय तो मास्तर?”

पहिला दांडा मांडीवर बसला, दुसरा खांद्यावर. मुख्याध्यापक मध्ये पडायला निघाले आणि दांडा बघून कार्यालयाच्या दारात थांबले. सर ओसरीच्या पायऱ्यांवर कोसळले. तिसरा डोक्यावर येताना दिसला, तेव्हा माणूस झालेले भालचंद्र सर ओरडले, “माझी चूक नाही! ते डबडं बोललं! त्या मुलीचं डबडं!”

“कोन्तं डबडं?” गुलाबराव भिंगरीसारखा फिरला. दारात मयुरी होती. त्यानं तिच्या हातातून टॅब हिसकला आणि पायरीवर आपटला. “याच्यापायी माह्या लेकराचं तोंड फोडलं का? थांब, याचाच भुगा करतो.”

मयुरीनं तोंड उघडलं. आतून नुसता घोगरा आवाज निघाला, त्याला शब्द नव्हता. शब्द सगळे पायरीवर पडले होते. ती मनगट दातांत धरून चावू लागली.

दांडा वर गेला. आपण काय करतोय हे सरांना कळायच्या आत त्यांनी उजवा पंजा टॅबवर पालथा टाकला.

हाड मोडल्याचा आवाज फाटकापर्यंत गेला. गुलाबरावनंच दांडा टाकला आणि तो मटकन खाली बसला. “मेल्या, हात काऊन घातला मधात?” तो रडत विचारत होता.

टॅबच्या काचेला तडा गेला होता. चौकोन मात्र बोलत होते.

तिसऱ्या दिवशी सहाही टॅब आत टाकायला मुख्याध्यापकांनी कपाटाची किल्ली काढली. एक फुटला, एक तक्रार आली, अट तर दोन्हीकडून पूर्ण झाली होती. तेवढ्यात सर आले, हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. निलंबनाचा कागद त्यांना मिळाला होता. त्यांनी स्वतः डाव्या हातानं लिहून आणलेला कागद टेबलावर ठेवला. अक्षर इतकं गचाळ, की दुसऱ्या कोणी काढलं असतं तर सरांनी काडी मागवली असती. लिहिलं होतं, ‘पोराला मी मारलं. ते बोललं नव्हतं. बोललं असतं तरी मारायला नको होतं. तडा माझ्यामुळे गेला. तक्रार माझी लिहा, टॅबची नाही.’

मुख्याध्यापकांनी दोनदा वाचलं आणि किल्ली खिशात टाकली. कपाट उघडंच राहिलं.

निघताना सर वर्गात शिरले. पाचवी आणि सातवी अजून एकत्रच बसत होती. ओठावर चार टाके घेऊन प्रज्वल पहिल्या बाकावर बसला होता. घसरलेला चष्मा वर सारायला त्यांनी सवयीनं प्लास्टरचा हात उचलला.

पहिल्या बाकावरची सगळी कोपरं एकदम तोंडापुढे आली.

मयुरीनं चौकोनावर बोट ठेवलं. “दुखते.”

“हो,” सर म्हणाले. त्यांनी हात हळूहळू खाली घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवून दिला.