बारास एक

युनिटमधले सगळे त्यांना दाजी म्हणत, कारण त्यांना या धंद्यात चिकटवलं ते त्यांच्या मेव्हण्यानं. वीस वर्षं त्यांनी काळ्या पिशवीत हात घालून, न बघता, फिल्मची रिळं भरली; एकाही रिळाला उजेड लागू दिला नाही. मग रिळं गेली, मेमरी कार्डं आली. दाजी तेही बघून बघून शिकले. पण "मला समजलं नाही" हे शब्द काही त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत.

त्या दिवशी एका रफूवाल्या आजींवरच्या माहितीपटाचं काम होतं. आजींची नजर अधू होत चालली होती. एक फाटकी शाल त्यांनी खास कॅमेऱ्यासाठी राखून ठेवली होती. ती झाली की सुई कायमची खाली ठेवायची, असं ठरलेलं.

कॅमेरा चालवणाऱ्या बाईंनी आल्या आल्या बजावलं, "दाजी, रॉ तीनास एकवर ठेवा. धागान् धागा दिसला पाहिजे."

दाजींनी बॅग उघडली, कोपरान् कोपरा चाचपला. कार्डांची डबी ऑफिसच्या टेबलावर राहिली होती. कॅमेऱ्यात होतं तेवढं एकच कार्ड. ऑफिस पाऊण तासावर. "डबी विसरलो" म्हटलं असतं, तर चार बोल ऐकावे लागले असते, इतकंच. पण तेवढंही त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी गुपचूप मेनू उघडला आणि तीनाचे बारा केले. कॅमेरा कच्चं चित्र, म्हणजे रॉ, दाबून साठवतो. जास्त दाबलं की त्याच कार्डात चौपट मावतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. रॉमध्ये रंग नंतर बदलता येतो, मग हेही नंतर सावरता येईल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. खरं काय ते विचारायला बाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या.

आठवड्यानं एडिटिंगच्या खोलीत आजींचे हात मोठ्या पडद्यावर आले. सुई दिसत होती. विणीच्या जागी मात्र नुसता लगदा.

एडिटरनं फाइलची माहिती काढली. "बारास एक? एवढं दाबलं की बारकावे जातात ते कायमचे. हे कुणी ठेवलं?"

दिग्दर्शक बाईंकडे वळला. बाईंनी एकदाच दाजींकडे पाहिलं. दाजी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. नाडी सुटलेली नव्हती.

"कॅमेरा माझ्या हातात होता," बाई म्हणाल्या. "मी बघायला हवं होतं."

उरलेलं काम दुसऱ्या कॅमेरामनकडे गेलं. शेवटी दाजींनी बायकोला सगळं सांगितलं. ती हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघत राहिली.

"तिच्यावर आळ आला, आणि तुम्ही नाडी बांधत बसलात?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिग्दर्शकाकडे जाऊन कबुली दिली. "आता निम्मं काम दुसऱ्यानं उरकलं, दाजी," एवढंच तो म्हणाला. मग ते बाईंच्या दारात गेले.

"मला तेव्हाच कळलं होतं," बाई म्हणाल्या. "चूक कुणाचीही होते हो. तुम्ही बोलाल म्हणून मी थांबले होते." त्यांनी आत या म्हटलं नाही.

मग दाजींनी आजींचीही माफी मागितली. "तुमचं काम पडद्यावर दिसतच नाही, आजी. माझ्यामुळे."

आजी खुदकन हसल्या. "अहो, दिसू नये म्हणून तर मी जन्मभर रफू केलं!"

दाजींना मात्र हसता आलं नाही.

माहितीपट लागला, तेव्हा ते बायकोबरोबर मागच्या रांगेत बसले. आजींचे हात सगळे लांबूनच घेतलेले. शेवटच्या नामावलीत बाईंचं नाव आभारांच्या गर्दीत कुठंतरी होतं. दाजींचं मात्र, कॅमेरा सहायक म्हणून, स्वतंत्र ओळीवर, ठसठशीत. लोक टाळ्या वाजवत होते. बायकोचे हात मांडीवरच होते, आणि दाजी दिवे लागायच्या आत बाहेर पडायची वाट शोधत होते.