सुनिल्दाची इर्जिक

आमच्या तौकेल बेटावर कुणाच्या घरी काय घडलं ते आधी शाळेच्या स्वयंपाकघरात कळायचं, मग चर्चमध्ये, आणि सगळ्यात शेवटी ज्याच्या घरी घडलं त्याला. याचं कारण सुनिल्दा नाउएलकिन, आमच्या शाळेची स्वयंपाकीण. मी इथं शिक्षिका म्हणून आले त्या दिवशी माझी ट्रंक खाली टेकायच्या आत तिनं विचारलं होतं, "बाई, तुमचं लग्न मोडलं म्हणतात, ते खरं का?"

सकाळी पोरांना होडीतून सोडायला आलेले आईबाप तिच्या चुलीपाशी थबकायचे. माते म्हणजे इथला कडवट चहा, त्याचा तुंबा हातोहात फिरायचा. प्रत्येकानं एक घोट घ्यायचा, एक बातमी द्यायची आणि एक घेऊन जायची. मग वर्ग सुरू व्हायच्या आधी सुनिल्दा दारात येऊन मला सांगायची, "आज फाबियनला ओरडू नका, रात्री त्यांची गाय गेली. आणि कार्कामोंच्या पोरीला मुलगा झालाय, तर तिची बहीण वर्गात पेंगणारच." माझा वर्ग निम्मा तिच्या बातम्यांवर चालायचा.

उंच, हाडापेरानं मजबूत बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. छपराची लाकडी कौलं स्वतः चढून बदलायची. बटाटे स्वतः काढायची. कुणाकडे काही मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. मी एकदा म्हटलं, शेजाऱ्याला हाक मारा की. तर म्हणाली, "मागायचं म्हणजे वाकावं लागतं, बाई. माझी कंबर धरलीय."

शाळा होती बेटाच्या दक्षिण टोकाला, समुद्रावरच्या कड्यावर. त्या वर्षी ऑगस्टात, इथल्या ऐन हिवाळ्यात, वादळांमागून वादळं आली. एका सकाळी पोरं धावत आत आली. "बाई, झोपाळा गेला!" मला वाटलं कुणी चोरला. बाहेर जाऊन पाहिलं तर झोपाळ्याखालची जमीनच गेली होती. खाली लाटा मातीनं लाल झालेल्या, आणि कड्याच्या ओठावर झोपाळ्याचा एक खांब लोंबकळत होता.

तालुक्याहून साहेब आले. त्यांनी फीत लावून मोजलं, माती हातात घेऊन चुरली. चांगला माणूस होता, त्याला बोलताना अवघड जात होतं. डिसेंबरात वर्ष संपलं की शाळा बंद. पोरांनी मोठ्या बेटावरच्या वसतिगृहात राहायचं, हवा बरी असेल तेव्हा शनिवारी घरी यायचं. त्यात सगळ्यात धाकटी यास्ना, सहाची पुरी नव्हती. अजून बुटांच्या नाड्या बांधून घ्यायला सुनिल्दाकडे जायची.

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी सगळे जमले, पण बातमी कुणी काढेना. तुंबा नुसताच फिरत राहिला.

"माझ्या आज्याचं घर समोरच्या बेटावरून आलंय," सुनिल्दा एकदम म्हणाली. "समुद्रावरून, ओढून. तेव्हा मी यास्नाएवढी होते. पाहिलंय मी."

"अगं, ते घर होतं," कुणीतरी म्हणालं. "ही तीन खोल्यांची शाळा आहे."

"मग बैल जास्त लागतील."

लोक हसले. ती हसली नाही. खाडीच्या पलीकडे चर्चमागं सपाट, घट्ट जमीन होती. जमिनीवरून तिथं जायचं तर मधे दलदल आणि घळ, पाण्यावरून सरळ. साहेबांना विचारलं, तर तेही हसले. "इमारत धड पोचवा. पोचली तर शिक्षक मी देतो."

असं काम म्हणजे इर्जिक. आमच्याकडे तिला मिंगा म्हणतात. पैसा कुणी घेत नाही, जेवण पोटभर. पण रीत अशी की ज्याचं काम, त्यानं स्वतः प्रत्येक दारात जाऊन मागायचं. निरोप चालत नाही. आता शाळेचा मालक कोण? सरकार. सरकार काही दारोदार फिरणार नव्हतं.

"मी जाते," सुनिल्दा म्हणाली आणि माझ्याकडे वळली, "पण तुम्ही सोबत चला."

पहिल्या घराच्या फाटकाशी ती कितीतरी वेळ उभी राहिली. आतून कुत्रं भुंकून भुंकून दमलं. शेवटी घरची बाईच बाहेर आली. सुनिल्दानं डोक्यावरची लोकरीची टोपी काढून हातात धरली. तिचे केस पांढरे झालेत हे मला त्या दिवशी कळलं. "मागायला आलेय," ती म्हणाली. आवाज ओळखू येईना.

"अगं बाई, आत तरी ये!"

दारामागून दार करत आम्ही बेट पालथं घातलं. कुणी बैल कबूल केले, कुणी होडी, कुणी दोरखंड. एका म्हातारीनं सांगितलं, माझ्याकडे काही नाही, पण मी येऊन ओरडेन. राहिलं फक्त बाउदिलियो ओयार्सोचं घर. शाळा ओढू शकेल असा दणकट मचवा त्याच्याकडेच होता. आणि त्याच्याशी सुनिल्दा बोलत नव्हती. त्याच्या डुकरानं तिचे बियाण्याचे बटाटे उकरून खाल्ले होते आणि तो हसला होता, तेव्हापासून.

बाउदिलियो जाळं शिवत बसला होता. वर न बघता म्हणाला, "आज सूर्य कुठून उगवला?"

"बाउदिलियोदादा, मागायला आलेय."

"डुक्कर तर कधीच मेलं."

"डुक्कर नकोय. मचवा हवाय."

"आणि मी हसलो होतो त्याचं काय?"

सुनिल्दानं टोपी पिळली. "हसण्यासारखंच होतं. डुकराला थोबाडापासून पार शेपटीपर्यंत माती लागली होती."

बाउदिलियोची सुई थांबली. मग त्याचे खांदे हलायला लागले. दोघंही असे हसले की त्याची बायको काय झालं म्हणून परसातून धावत आली.

फेब्रुवारीअखेर, उन्हाळ्याची सुट्टी संपता संपता, पुनवेचं उधाण आलं. आदल्या दिवशी जोखडाला जोखड लावून बैल जुंपले आणि शाळा ओंडक्यांवरून उताराच्या बाजूनं पुळणीवर आणली. खिडक्यांना आतून तिरप्या फळ्यांचा आधार दिला होता, खाली रिकामी पिंपं बांधली होती. सकाळी पाणी चढू लागलं. पायऱ्या बुडाल्या. मग शाळा जराशी कण्हली, एक कोपरा उचलला, दुसरा उचलला, आणि ती तरंगली.

मी इथं इतकी वर्षं काढली, पण तसं काही पुन्हा पाहिलं नाही. पिवळ्या भिंती, निळी दारं, वर झेंड्याची काठी. आणि खाली नुसतं पाणी. पुरुषांनी टोप्या काढल्या.

आत कुणीतरी पाणी बघायला लागतं. सुनिल्दानं कुणाला विचारलंच नाही; ती आत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडत होती, "गळत नाही! ओढा!"

बाउदिलियोचा मचवा पुढं. खाडीच्या मध्यापर्यंत सगळं सरळ गेलं. तिथं, खाडीच्या तोंडासमोर, बाहेरच्या समुद्राचा प्रवाह लागला. शाळा हळूहळू फिरली, तिनं आपलं दार उघड्या समुद्राकडे केलं, आणि दोरखंड तुटला. आवाज उशिरा आला, बंदुकीसारखा. यास्नानं माझा हात धरला. शाळा निघाली होती, शांतपणे, बाहेर. खिडकीत सुनिल्दा दिसत होती. आता ती ओरडत नव्हती. तिनं दोन्ही हात चौकटीवर ठेवले होते, आजारी माणसाच्या पाठीवर ठेवावेत तसे.

मग काठावरच्या होड्या सुटल्या. कुणी सांगितलं नाही. वल्ह्यांच्या, छोट्या इंजिनांच्या, मासेमारीच्या, झाडून सगळ्या. त्या शाळेच्या समुद्राकडच्या भिंतीला जाऊन भिडल्या, नाकं लावून, डुकरीला पिलं लुचतात तशा, आणि रेटायला लागल्या. ओरडायला आलेली म्हातारी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ओरडत होती, "रेटा रे! रेटा, माझ्या राजांनो!" शाळा थांबली. निदान आम्हाला तसं वाटलं. मग ती परत येऊ लागली, इतकी सावकाश की डोळ्यांवर विश्वास बसेना. बाउदिलियोनं वळसा घालून नवा दोर फेकला. सुनिल्दानं तो खिडकीतून झेलला, आतल्या खांबाला गुंडाळला आणि अंगाचा भार टाकून धरून ठेवला.

उधाण उतरायच्या बेतात असताना शाळेचा तळ पलीकडच्या वाळूला लागला. बैल तयारच होते.

सुनिल्दा बाहेर आली तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि हातांची सालं गेली होती. लोकांनी तिला घेरलं. तिनं सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "इतकी माणसं," ती म्हणाली. "मी मागितलं म्हणून?"

"नाहीतर काय डुकरानं मागितलं म्हणून?" बाउदिलियो म्हणाला.

खड्ड्यात तापल्या दगडांवर शिंपले, डुकराचं मांस, बटाटे रचले होते. मोठाल्या पानांखालून वाफ निघत होती. तिला वाढू दिलं नाही. ती जन्मात पहिल्यांदा बसून जेवली.

त्याच आठवड्यात शाळा भरली. साहेब आले, शाळेभोवती दोनदा फिरले आणि माझ्या नेमणुकीवर सही करून गेले. वर्गातली जमीन किंचित उतरती राहिली. अजूनही पेन्सिल पडली की दाराकडे घरंगळते. पहिल्या दिवशी पोरं आत जायलाच तयार नव्हती. घरी परतलेल्या माणसाकडे बघावं तशी ती शाळेकडे बघत होती, भिंतींना हात लावत होती. कौलांत समुद्रशेवाळ अडकलं होतं. यास्नानं दाराशेजारच्या फळीला जीभ लावली आणि ओरडली, "मावशी, शाळा खारट झालीय!"

सुनिल्दा चुलीवरचं टाकून बाहेर आली. तिनं बोट भिंतीवरून फिरवलं, जिभेला लावलं आणि तिथंच उभी राहिली, ओल्या हातांनी, खाडीकडे बघत. तास सुरू व्हायची वेळ टळून गेली होती, पण मला घंटा द्यावीशी वाटली नाही.